डाव्या सीटवरचा ब्रेक

६ जानेवारी १९८६, सोमवार
टायरवाल्याने ड्रायव्हिंग क्लासवर डायऱ्या वाटल्या. काशीरामला दोन, मला एक. मी आयुष्यात कधी डायरी लिहिली नाही, पण कोरी वही घरात पडून राहिलेली मला बघवत नाही. शिवाय आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

दुपारी काशीरामने मला शिकवणीच्या फियाटमध्ये वाकायला लावलं. उजवीकडचे, म्हणजे शिकणाऱ्याचे पेडल बघ म्हणाला. रबरावर रेघा शाबूत. मग डावीकडचे, म्हणजे माझे. माझ्या ब्रेकचं रबर गुळगुळीत झालं होतं, चारच महिन्यांपूर्वी बदललेलं. काशीराम आणि मी मुलुंडच्या एकाच शाळेत होतो, त्यामुळे तो मालक असला तरी बोलताना आडपडदा ठेवत नाही. "नंद्या, गाडी शिकणारा चालवत नाही, तू चालवतोस. पायाने," म्हणाला. तीन गिऱ्हाइकं दुसऱ्या क्लासला गेली. सुनंदाबाई, त्या शाळामास्तरीण, त्यांनीही तक्रार केली की मास्तर मला शिकूच देत नाहीत.

पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. तोवर पाय आवरला नाही, तर मी टेबलावर बसून लायसनचे फॉर्म भरायचे आणि डाव्या सीटवर दुसरा माणूस येणार. बावीस वर्षं मी त्या सीटवर आहे. घरातल्या खुर्चीपेक्षा ती मला जास्त ओळखते.

लोकांना सुरक्षितपणा नको असेल तर माझा काय दोष? ऑक्टोबरच्या भानगडीशी याचा काही संबंध नाही. ती इथे लिहिणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार
रत्नप्रभाची दाढ अजून दुखतेच आहे. आज पुन्हा घाटकोपरला दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टर नीला विजयकर, माझीच जुनी विद्यार्थिनी, म्हणून तिच्याकडे. दाढ एक, फेऱ्या चार. एवढ्यात माझी सगळी बत्तिशी झाली असती. आल्यावर मात्र खुशीत दिसली.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. नीलाबाई स्वतः क्लासवर तिळगूळ घेऊन आल्या. आठ वर्षांपूर्वी मी त्यांना गाडी शिकवली, तेव्हा त्या आरशात कधी बघत नसत. आता बघतात, असं म्हणाल्या.

काम वेगळंच होतं. त्यांचे वडील बापूसाहेब तरुणपणी शर्यतीत गाडी चालवायचे. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. मढच्या बंगल्यात त्यांची विलायती गाडी उभी आहे, दोन सीटची, हिरवी. फेब्रुवारीत एक मोटार क्लब कल्याणच्या पुढे, लढाईच्या काळातल्या जुन्या विमानपट्टीवर जुन्या गाड्यांची वेगाची चाचणी ठेवतोय. एकेक गाडी सोडायची, प्रत्येकीने तीन फेऱ्या मारायच्या, घड्याळ लावून. बाईंना वडिलांची गाडी त्यात एकदा चालवायची आहे आणि ती शिकवायला मी हवा.

मी म्हटलं, नीलाबाई, मी मुलुंडच्या बाजारात तिसऱ्या गियरच्या वर गेलेलो नाही. त्यावर म्हणाल्या, "सर, त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. डावीकडे बसायची सवय असलेला दुसरा कोण माणूस आहे मुंबईत?"

मुद्दा बिनतोड होता. आणि त्यांना माझ्या लवंग चघळायच्या सवयीपासून काशीरामच्या मुदतीपर्यंत सगळं ठाऊक होतं. गावात बातम्या कशा पसरतात कोण जाणे. विचार करून सांगतो म्हटलं. घरी रत्नप्रभाला सांगितलं, तर तिने आश्चर्यसुद्धा दाखवलं नाही. जा की, म्हणाली.

१८ जानेवारी, शनिवार
मढला गेलो. बंगल्याच्या पुढच्या अंगणात सिनेमाचं शूटिंग चाललं होतं, मागच्या अंगणात ती गाडी. तिच्यापेक्षा आमच्या इमारतीची पाण्याची टाकी मोठी असेल. इंजिन मागे, डिकीच्या जागी. पुढे उघडलं तर रिकामं.

दत्ताराम म्हणून मालवणकडचा म्हातारा मेकॅनिक आहे, बापूसाहेबांच्या वेळचा. त्याने मला चावी दिलीच नाही. बंद गाडीत तासभर बसवलं. सीट पुढेमागे करून घेतली, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला पाहिजे म्हणून. मग डोळे मिटून पेडल शोध, डोळे मिटून गियर टाक. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे गियर उजव्या हाताला. तो बघत राहिला, कारण माझा एकही गियर चुकला नाही. बावीस वर्षं डावीकडे बसून मी उजव्या हाताने लोकांचे अडकलेले गियर सोडवतोय. माझ्या हाताला वाटलं असेल, चला, शेवटी बढती मिळाली.

१९ जानेवारी, रविवार
पट्टीवर गेलो. नीलाबाईंच्या रोजच्या गाडीतून, त्या चालवत. मी मागे बसलो. पुढे डावीकडे बसलो की माझा पाय स्वस्थ राहत नाही, आणि तिथे ब्रेक नसला की मनही.

दत्ताराम पहाटेच हिरवी गाडी घेऊन पोचला होता, पण आज चाकसुद्धा हलवलं नाही. आम्ही तिघांनी सगळा ट्रॅक पायी चालून पाहिला. सरळ पट्टी, मग पिंपांनी आखलेली चार वळणं, कडेला गवताचे भारे. कुठे खडी सुटलीय, कुठे काँक्रीटला भेग आहे, कुठे पाणी साचून शेवाळ आलंय. दत्ताराम प्रत्येक वळणापाशी उलटा वळून बघायचा, मग सुलटा. मी याच शिस्तीचा माणूस आहे, त्यामुळे मला बरं वाटलं. शर्यतवाले लोक बेफाम असतात अशी माझी समजूत होती. हा म्हातारा तर माझ्याहून भित्रा निघाला.

२६ जानेवारी, रविवार
चालवली.

आधी दहा फेऱ्या बैलगाडीच्या वेगाने. मग सरळ पट्टीवर नुसते ब्रेक तपासले: जोरात, हळू, पुन्हा जोरात. गाडी किती वेगाने जाते हे नंतर, कितीत थांबते हे आधी, असं दत्तारामचं म्हणणं. मला हे वाक्य क्लासच्या भिंतीवर लिहायला हवं.

मग वळणाचा धडा. प्रत्येक वळणाआधी तीन पिंपं आहेत, वळणापासून मागे मोजायची. तिसऱ्यावर ब्रेक, गाडी सरळ असतानाच. पहिल्यापाशी ब्रेक सोडायचा, स्टिअरिंग वळवायचं, आणि डोळे नाकासमोर नाही, वळण जिथे संपतं तिथे. आत शिरल्यावर ॲक्सिलरेटरवर पाय हलका, पण ठाम. दत्तारामने बजावून सांगितलं, "मास्तर, हिचा वजन मागे आसा. पाठीर पोता घेतलेल्या हमालाक धावताना मधीच थांबवलास तर पोता त्येका गरकन फिरवतला. वळणात पाय उचलूचो नाय, ब्रेक तर नायच नाय."

मी त्याला सांगितलं की शंका आली की ब्रेक, हे मी हजार माणसांना शिकवलंय. तो म्हणाला, शंका वळणाच्या आधी काढून घ्यायची.

वेग फारसा नव्हता, पण कपाळावर वारा लागला. घरी आल्यावर रत्नप्रभाने विचारलं कसं वाटलं, तेव्हा ठीक आहे म्हटलं. जेवताना मात्र अर्धा तास मीच बोलत होतो असं तिचं म्हणणं. शेवटी तिने तिचा जुना प्रश्न काढला, मला कधी शिकवणार? लग्नानंतर सहा महिन्यांनी तिने तो पहिल्यांदा विचारला होता, त्याला अठरा वर्षं झाली. बघू म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार
आज नीलाबाई चालवायला बसल्या आणि मी शेजारी, उजवीकडे. सगळं उलटं. त्या बाजूला बसलो की हात स्टिअरिंग शोधतात, पाय ब्रेक शोधतात, आणि दोन्हीही नाहीत. नुसता लाकडी पाट आणि त्यावर काथ्याची चटई.

त्या चांगलं चालवतात. तरी दुपारपर्यंत त्या चटईला माझ्या टाचेने भोक पडलं. दत्ताराम ते बघून म्हणाला, "तुमी पाय कित्याक आपटतास? हय ब्रेक नाय." मी म्हटलं, माहीत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार


सकाळच्या सातव्या फेरीत दुसरं वळण. नीलाबाईंनी तिसऱ्या पिंपावर ब्रेक मारला, सोडला, वळल्या. सगळं बरोबर. पण मला वाटलं आपण फार जोरात आहोत, समोरचा गवताचा भारा अंगावर येतोय. मी पाय आपटला आणि ओरडलो, ब्रेक. त्यांनी ब्रेक मारला. गाडीची शेपूट पुढे आली, डोंगर, पिंप, दत्ताराम, डोंगर असं सगळं समोरून गेलं, आणि आम्ही दीड गिरकी घेऊन गवतात उलट्या तोंडाने उभे राहिलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गाडीलाही नाही.

मी उतरलो आणि सांगून टाकलं की हे काम माझं नाही, आणि त्यांनीही हा नाद सोडावा. नीलाबाई स्टिअरिंग धरून बसून होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, गाडी नीट जात होती. मला कळत होतं. पण तुम्ही ब्रेक म्हणालात की माझा पाय मला विचारत नाही. आठ वर्षांपूर्वी तुम्हीच तसा तयार केलाय."

मास्तराला यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही. मला मात्र ती थोबाडीत बसल्यासारखी लागली. गाडी मी फिरवली, ब्रेक नसलेल्या सीटवर बसून.

११ फेब्रुवारी, मंगळवार
दोन दिवस क्लासला गेलो नाही. आता लिहितोच.

ऑक्टोबरच्या सतराला पाच रस्ता नाक्याजवळ शिकवणी चालू होती. शिकणारा माणूस इतकं छान चालवत होता की मी निर्धास्त झालो. पाय ब्रेकवरून काढून दुसऱ्या पायावर टाकला आणि डबीतून लवंग काढू लागलो. डबीचं झाकण घट्ट होतं. तेवढ्यात कुंडलिक भाजीवाल्याची हातगाडी आडवी आली. शिकणारा गोंधळला. माझा पाय पोचेपर्यंत कुंडलिकच्या नडगीचं हाड मोडलं होतं आणि रस्ताभर टोमॅटो. दोन महिने प्लास्टर. पोलिसांनी शिकणाऱ्याला दरडावलं, मला कुणी काही बोललं नाही. कुंडलिकही बोलला नाही. मी दर शनिवारी त्याच्याकडे जात होतो. तोच मला चहा पाजायचा.

तेव्हापासून माझा पाय ब्रेकवरून निघत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकत होतो.

हे सगळं आज रत्नप्रभाला सांगितलं. झाकणाचं तिला माहीत नव्हतं. भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, कुंडलिक महिनाभर झाला, पुन्हा गाडी लावतो. मी त्याच्याकडूनच ही मेथी आणली. तो चालायला लागला, लंगडताय तुम्ही."

मला राग आला. मग थोड्या वेळाने राहिला नाही. जेवण झाल्यावर तिने विचारलं की रविवारी डबा काय देऊ. मी जाणार आहे असं मी म्हटलंच नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
गेलो. दत्तारामने मलाच डावीकडे बसवलं आणि स्वतः शेजारी बसला, विडी विझवून. म्हणाला, दुसऱ्याचा पाय भरवशाचा वाटायला हवा असेल तर आधी स्वतःचा बघून घे.

पाच फेऱ्या हळूहळू वाढवत नेल्या. सहाव्या फेरीत दुसऱ्या वळणाला पूर्ण वेगाने आलो. तिसऱ्या पिंपावर ब्रेक, पहिल्यावर सोडला, वळवलं. आणि त्याच जागी पुन्हा वाटलं, आपण फार जोरात आहोत. पाय उचलायला सांगत होतं सगळं अंग. मी नजर वळणाच्या शेवटावर ठेवली आणि पाय होता तिथे राहू दिला. गाडी जरा खाली बसली, मागून ढकलल्यासारखी झाली, आणि सुतासारखी बाहेर आली. काहीच झालं नाही. इतकं काहीच झालं नाही की मला हसू फुटलं.

त्यानंतर अकरा फेऱ्या मारल्या. दत्ताराम घड्याळ बघून उतरा म्हणेपर्यंत. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, हे लिहायला लाज वाटते, पण मला फार आनंद झाला आहे.

एक गोष्ट दत्तारामला विचारली. पाय ब्रेकवर ठेवायचा नाही, आणि दूरही ठेवायचा नाही, मग ठेवायचा कुठे? तो म्हणाला, शेजारी. शेजारी कसे, दार उघडं ठेवतात पण उठल्यासुटल्या आपल्या घरात येत नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार
चाचणीचा दिवस. नऊ गाड्या होत्या, एका एका मिनिटाच्या अंतराने सोडल्या. आमचा नंबर सातवा. शेजारच्याने फक्त घड्याळ बघून सेकंद सांगायचे, असा नियम. निघताना दत्तारामने मला दोन लवंगा आणि एक सबंध सुपारी दिली, तोंड भरून ठेवायला. सेकंद मी बोटांनी दाखवले.

पहिली फेरी बरी. दुसरीत माझा पाय एकदाही आपटला नाही, हे तिसरीत लक्षात आलं. आणि तेव्हाच दुसऱ्या वळणात आमच्या पुढची पांढरी गाडी घसरली. गिरकी घेऊन ती आतल्या बाजूला गवतात गेली आणि ट्रॅकवर नुसती धूळ. आम्ही वळणाच्या पोटात होतो. समोर काही दिसत नव्हतं.

माझी टाच उचलली गेली होती, हे खरं. तोंडात सुपारी होती, पण ब्रेक हा शब्द सुपारीतूनही निघतो. मी नीलाबाईंकडे बघितलं. त्या धुळीकडे बघतच नव्हत्या. धुळीच्या बाहेरच्या बाजूला गाडीभर मोकळी जागा होती, तिकडे बघत होत्या. त्यांना दिसलं होतं. मी टाच खाली ठेवली आणि गप्प बसलो. पाय न उचलता नीलाबाई त्या जागेतून गेल्या आणि धूळ मागे पडली. मी ओरडलो असतो तर आम्ही पांढऱ्या गाडीच्या दारात शिरलो असतो. त्यात दोन माणसं होती.

नवांत पाचवा नंबर आला. नीलाबाई खूप वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, बापूंना आवडलं असतं, आणि रडल्या.  दत्ताराम चाकं हाताने चाचपत फिरत होता, पण त्याने मान वर केली नाही.

रत्नप्रभा आली होती. डबा विसरलात म्हणून नीलाबाईंच्या कंपाउंडरबरोबर मागून आली. डबा तर मी घेऊन गेलो होतो. हिला दोन दोन डब्यांचा हिशेब कसा राहत नाही कळत नाही. दोघी बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, जशा काही लहानपणच्या मैत्रिणी. चार वेळा दाढ दाखवली की ओळख होतेच म्हणा.

३ मार्च, सोमवार
सुनंदाबाईंनी आज सगळा बाजार स्वतः पार केला. रिक्षा आडवी आली तेव्हा माझा पाय शेजारी होता. त्यांनी स्वतः थांबवली. मग डावीकडे वळून माझ्या पायाकडेच बघितलं. मी म्हटलं, समोर बघा.

२१ मार्च, शुक्रवार
सुनंदाबाई पास झाल्या. काशीरामला पेढे दिले, मला दिले नाहीत, कारण माझ्यासाठी वेगळा पुडा आणला होता.

रत्नप्रभाची दाढ आता दुखत नाही. आपोआप थांबली म्हणते.

१० एप्रिल, गुरुवार
गुढी पाडवा. मुदतीचा दिवस. सकाळी गुढी उभारून क्लासवर गेलो. पाडव्याला आमच्याकडे गाडीची पूजा असते. काशीरामने टेबलाचं काही काढलं नाही. त्याने खिशातून कागदात गुंडाळलेलं ब्रेकचं नवं रबर काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे चार वर्षं पुरव." मी खाली वाकून ते बसवलं. बसवायला जरा जास्तच वेळ लावला, कारण लगेच वर बघायचं नव्हतं.

दुपारी गाडी मागून घेतली आणि घरी आणली. रत्नप्रभाला म्हटलं, चल, मुहूर्त चांगला आहे. ती नव्या साडीत तयारच होती. मला काही कळत नाही, हिला आधी कसं कळतं.

बसण्याआधी तिने गाडीला हळदकुंकू वाहिलं. बॉनेटला, स्टिअरिंगला, आणि मग डावीकडून आत वाकून माझ्या ब्रेकच्या नव्या रबराला. मी म्हटलं, अगं, कुंकवावर पाय द्यायचा का? ती म्हणाली, "गरज लागली तर द्या. देवाला कळतं."

कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर सुट्टीमुळे चिटपाखरू नव्हतं. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा बेडकासारखी उडी मारली. चौथ्यांदा निघाली. अर्धा क्लच म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. अठरा वर्षं मी जेवताना तेच बोलत आलोय, तिने ऐकलेलं दिसतं. पुढे एक कुत्रा रस्त्याच्या मधोमध झोपलेला होता.  माझा पाय शेजारी होता, बोटभर अंतरावर. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याकडे बघितलं, हळू केली आणि वळसा घालून गेली. कुत्र्याने डोळासुद्धा उघडला नाही. ती लहान मुलीसारखी हसली. हे हसणं अठरा वर्षं मी बघू म्हणून पुढे ढकललं, याचं मला वाईट वाटलं, आणि तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, समोर बघू द्या मला.

तासाभराने घरापाशी आलो. ती उतरून पुढे गेली, गुढी उतरवायची वेळ झाली म्हणून. मी दार लावण्याआधी खाली वाकलो. माझ्या ब्रेकवरचं कुंकू जसंच्या तसं होतं.